प्रोजेक्टरचे कार्ड आणि दसऱ्याचे कुंकू

दहिवली, दसऱ्याचा दुसरा दिवस, सायंकाळ

अखिल-दहिवली-लिनक्सप्रतिपालक, आज्ञावलीमार्तंड, पराभवभूषण अस्मादिक आज परम उद्वेगाने लिहीत आहेत.

उद्या खालापूरच्या तहसील कचेरीतल्या सुनावणीत आमच्या विहिरीच्या वाटेचे फोटो पडद्यावर दाखवायचे. न दाखवल्यास वाट शेजाऱ्याच्या कुंपणात जाणार. आणि चित्र पडद्यावर पाठवणारे, लॅपटॉपात सरकवायचे प्रोजेक्टरचे कार्ड मृतवत्! त्याची सर्व्हिस, म्हणजे ते चालवणारी आज्ञावली, वारंवार सुरू केली, लॅपटॉपची संपूर्ण लिनक्स प्रणाली अद्ययावत केली, उत्तर एकच: ‘उपकरण सापडले नाही.’ अरे, समोर दिसते आहे की! लिनक्सच्या समस्त पूर्वजांचा उद्धार केला.

शेवटी सौभाग्यवती म्हणाली, “अहो, काल शस्त्रपूजेत त्याच्यावर कुंकू कोणी शिंपडलं? तुमीच ना, मंत्र म्हणत?”

कार्ड ओढून काढले. खाचेत चिकट, ओले कुंकू आणि अक्षतेचा दाणा. शी! उपकरण सापडले नाही म्हणे. सापडेल कसे, ते मळवट भरून बसले होते! सुईने खरवडले, कापसाने पुसले, तेव्हा कुठे चाचणीसाठी जोडलेल्या घरच्या टीव्हीवर विहीर उमटली.

“मग मघापासून शिव्या कुणाला देत होतात?”

वाट बहुधा वाचेल. परंतु उद्या घालायच्या एकुलत्या पांढऱ्या सदऱ्यावर कुंकवाची बोटे उमटली आहेत, आणि साबणाची वडी म्हणे सकाळीच संपली.