नदीकडे तोंड केलेला फलक

प्रिय दादा,

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे बरे आहेत. आई काठी घेऊन फाटकापर्यंत जाते आणि येताना काठी तिथेच विसरून येते, म्हणजे बरीच सुधारली आहे असं समज. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, पण तुझा फोन आला की बाबा उठून पंखा बंद करतात. नीट ऐकू यावं म्हणून. आणि विचारलं की म्हणतात, गार वाटत होतं. मग मी तुझ्याशी हवापाण्याचं बोलत बसते.

रस्ते खात्यात फलकांचं टेबल माझ्याकडे आहे हे तुला माहीतच आहे. इथे अमुक लढाई झाली, तिथे तमक्याने विहीर बांधली, असं रस्त्याच्या कडेला लिहून ठेवायचं. गाडीतून उतरलेल्या माणसाचं आळस देता देता वाचून व्हावं, एवढाच मजकूर. यंदा आपल्या काठाची पाळी आली. पुलाच्या तोंडाशी फलक लावायचा आणि पुलाआधी इथे नाव चालायची हे त्यात सांगायचं. म्हणजे आजोबांचं आणि बाबांचंच की! मी हरखून गेले. साहेब म्हणाले, मजकूर घरी दाखवून घ्या. तिथून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

आमचे फलक रस्त्याकडे तोंड करून असतात. बाबा म्हणाले, नावेची गोष्ट नदीकडून वाचता आली पाहिजे, नावेतून येणाऱ्याला दिसली पाहिजे. आता नावेतून कोण येतंय, असं विचारून मी यथेच्छ बोलणी खाल्ली. साहेब स्वतः समजूत काढायला घरी आले आणि जाताना बाबांचंच म्हणणं पटवून घेऊन गेले. आता फलक दोन्ही बाजूंनी लिहिलाय. रस्त्याकडून पूल, नदीकडून नाव. नदीकडची बाजू वाचायला पायऱ्या उतरून पाण्यापाशी जायचं आणि मान वर करून बघायचं. वाचणार कोण, ते विचारू नकोस.

नावेच्या बाजूला मी झोकात लिहिलं होतं, पुराच्या वेळी नावाड्याने पलीकडच्या वस्तीतल्या सगळ्यांना सुखरूप आणलं. बाबांनी ‘सगळ्यांना’ खोडायला लावलं. म्हणाले, एक म्हातारी बकरीला सोडून येईना. पुढच्या फेरीत दोघींना आणतो म्हणून तिला सांगितलं, आणि पुढची फेरी झालीच नाही. मला हे आजवर माहीत नव्हतं. मी विचारलं, आणखी कुणाला माहीत आहे? तर म्हणाले, त्याला. म्हणजे तुला. पाणी उपसायला तोच होता नावेत. एवढं बोलून चष्मा पुसत बसले.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कॉलेज संपवून तू मोजणीच्या कामाला लागलास, आपल्याच काठावर पुलाची आखणी केलीस, आणि बाबांनी तुझ्याशी बोलणं टाकलं. बापाच्या पोटावर पाय आणला म्हणाले. तू एका शब्दाने उलट बोलला नाहीस. मला तेव्हा तुझा फार राग यायचा, भांड तरी, असं वाटायचं. आता वाटतं, पूल कशासाठी ते बोलला असतास तर त्या म्हातारीचं नाव निघालं असतं, आणि ते तुला नको होतं.

आईला अचानक पलीकडच्या दवाखान्यात न्यावं लागलं, तेव्हा गाडीत बाबा तिचा हात धरून बसले होते. पूल होईल तो होवो, मी त्यावर पाय ठेवणार नाही म्हणणारा माणूस पूल ओलांडून गेला आणि त्याला कळलंही नाही. तू दवाखान्यात आलास तेव्हा ते व्हरांड्यात पाठ करून उभे राहिले, हे तू पाहिलंस. तू गेल्यावरचं तुला माहीत नाही. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं. बाबांनी विचारलं, आम्ही आलो कुठल्या वाटेने? मी म्हटलं, पुलावरून.

फलक आता लागलाय, वर कापड आहे. येत्या रविवारी सकाळी ते काढायचं. दोन बाजूंना दोन दोऱ्या आहेत. काल साहेब घरी येऊन म्हणाले, नदीकडची दोरी तुम्ही ओढा, रस्त्याकडची आमचे वरिष्ठ ओढतील. बाबा म्हणाले, नाही, रस्त्याकडची ज्याने पूल आखला त्यानेच ओढायची, नाहीतर कापड राहू दे तसंच. साहेब नवे, त्यांना काय ठाऊक! त्यांनी विचारलं, कोण ते गृहस्थ? बाबा म्हणाले, माझा मुलगा. आई आतून भिंत धरत बाहेर आली, बिनकाठीची. रात्री मला म्हणाले, खात्यातर्फे बोलावणं पाठव, माझं नाव घालू नकोस. दादा, खात्याला तुझा पत्ताही माहीत नाही. बोलावणं बाबांचंच आहे, ये.

तुझीच,
टकळी