दोघी गप्प राहू

मु. अष्टमी, ता. रोहा
१८ जानेवारी २०२५

प्रिय अपेक्षा,

बरी असशील. आम्हीही बरे. आईचा गुडघा थंडीत धरतो, तरी कुंडलिकेच्या पुलापर्यंत फिरून येते. पेणच्या शाळेत तू मुख्याध्यापिका होणार, हे तुझ्या निरोपातूनच कळलं. उत्तराला आठवडा लागला, कारण आधी एक काम उरकायचं होतं.

गेल्या आठवड्यात नववीला मी एक खेळ शिकवला. दोन मुलं पाठीला पाठ लावून बसतात. दोघांनी मिळून चोरी केली आणि पकडले गेले, असं धरायचं. प्रत्येकाने चिठ्ठीवर ‘गप्प’ किंवा ‘नाव सांगतो’ लिहायचं. दोघं गप्प राहिले तर वालाचे पाच-पाच दाणे. एकानेच नाव सांगितलं तर त्याला दहा, दुसऱ्याला काहीच नाही. दोघांनी सांगितलं तर एकेक.

पहिल्याच डावात आदर्शने गंगीचं नाव सांगितलं. दुसऱ्यात तिने त्याचं. तिसऱ्यात मात्र ती गप्प राहिली, आणि पुढच्या डावापासून तोही. मी विचारलं, का गो? म्हणाली, “बाई, एकदा दाखवलं ना त्याला. रोज भांडून हातात काय नाय येत.”

मी तेच फळ्यावर लिहिलं. त्याच माणसाशी पुन्हा गाठ पडणार असेल तर विश्वास परवडतो, असं समजावलं. तेवढ्यात आदर्श म्हणाला, “बाई, शेवटचा डाव कुठला हाय ते सांगा. त्यात मी परत नाव सांगणार.”

वर्ग हसला. मला हसू आलं नाही.

सात वर्षं झाली. आपण एकाच शाळेत शिकवत होतो, तेव्हा शाळेच्या संस्थेच्या सभासदाच्या मुलाचे तोंडी परीक्षेचे गुण तू वाढवलेस. दबाव होता, मान्य. मी ते पाहिलं होतं. वडखळच्या स्टँडवर माझा हात धरून तू म्हणालीस, “शिल्पा, दोघी गप्प राहू.” मुख्याध्यापक हैबतराव सरांनी आपल्याला वेगवेगळं बोलावलं. जी दुसरीचं नाव लिहून देईल तिची नोकरी राहील, म्हणाले. मी कोरा कागद परत दिला. तुझ्या कागदावर माझं नाव होतं. माझी नोकरी गेली, नंतर दोन वर्षं मी गडब गावात घरी बसून होते. तू एकदाही आली नाहीस.

आणि आता लिहितेस, जुनं विसर, निवड समितीचा फोन आला तर गैरसमज होता एवढंच सांग.

फोनची वाट मी पाहिली नाही. सोमवारी स्वतःच पेणला गेले आणि समितीपुढे सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, तुम्हाला माहीत होतं तर लपवलंत का? तेव्हा माहीत नव्हतं, असं म्हणता आलं असतं. पण मग माझं बोलणं सूड म्हणून बाजूला पडलं असतं. म्हणून कबूल केलं, मला माहीत होतं, मी लपवलं. लेखी दिलं. हा कागद माझ्याही शाळेत पोचणार, हे सही करताना ठाऊक होतं.

सूडच होता तो, अपेक्षा. तुझ्यापासून कशाला लपवू?

काल दोन्ही गोष्टी कळल्या. तुझी नेमणूक थांबली. आणि चौकशी होईपर्यंत मी शाळेत यायचं नाही, असं पत्र मला मिळालं. आई रडली. मलाही वाईट वाटेल असं वाटलं होतं. पण पानावर बसले आणि कितीतरी वर्षांनी पोटभर जेवले.

उत्तर पाठवू नकोस. रस्त्यात दिसलीस तर मी थांबणार नाही.

एके काळी तुझ्यासाठी गप्प राहिलेली,
शिल्पा