अमोनिया गेला कुठे?

तीर्थस्वरूप आत्यास,

भाचीचा नमस्कार. तुझा गुडघा आता जिने चढू देतो का? तुमच्या घरचा फोन काका उचलतात, म्हणून हे पत्र. (संस्थेत ते माझे सर, हे मी विसरत नाही. मंगळवारपासून तर मुळीच नाही.)

आमचा तो दूरचा ग्रह तुला ठाऊक आहेच. तो आपल्या ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा उजेड त्याच्या हवेतून गाळला जाऊन येतो, आणि हवेत कोणते वायू आहेत ते कळतं. वैद्य जीभ बघून पोटाचं सांगतो, तसं आम्ही हवेवरून ग्रहाच्या पोटात काय आहे ते सांगतो. या हवेत अमोनिया असायला हवा होता, पण नाही. काका म्हणाले, खालच्या समुद्रात विरघळला. मंगळवारी अकराला, पाहुण्यांसमोर, ते हा समुद्र जाहीर करणार होते.

सोमवारी दुपारी माझ्या गणितात समुद्र बसेना. वितळलेला खडक मात्र चपखल बसला. तोही अमोनिया गिळतो. सांगायला गेले, तर काकांनी मलाच समोर बसवून अख्खं भाषण ऐकवलं आणि वर म्हणाले, तू आहेस म्हणून मी निर्धास्त. (यानंतर कोण तोंड उघडेल?)

मंगळवारी पडद्यावर निळाशार समुद्र. भाषण संपल्यावर काकांनी रीत म्हणून विचारलं, कुणाला शंका? मी उभी राहिले. खुर्चीची पाठ घट्ट धरली होती.

"सर, खाली समुद्र नाही. वितळलेला खडक आहे."

चष्मा पुसणाऱ्या एका पाहुण्याचा हात थांबला. काका माझ्याकडे वळले.

"कधीपासून माहीत आहे?"

"काल दुपारपासून."

त्यांनी स्वतःच्या हाताने पडदा बंद केला, खडू माझ्या हातात दिला आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले. मी चाळीस मिनिटं बोलले. टाळ्याही पडल्या. तेव्हापासून काका मला जिन्यात बघितलं की सूचनाफलक वाचायला लागतात. (त्यावर एकच सूचना आहे, पाण्याची टाकी धुण्याची.)

घरी सर्वांना नमस्कार.

तुझी,
भाची

ता. क. काका नीट जेवतात का, तेवढं कळव.

ता. क. २. आज सकाळी गणित पुन्हा तपासलं. माझंच एक शून्य जास्त पडलं होतं. समुद्रही बसतो. खडकाचा अहवाल काकांच्या सहीने येत्या सोमवारी जाणार आहे. सोबतचा बंद लिफाफा त्यांना जेवण झाल्यावर दे, आणि ते वाचून होईपर्यंत शेजारून उठू नकोस.