नजर कुणाची चुकली

प्रिय आक्का,

बाबांचा दमा कसा आहे? आईचे गुडघे तिथे तरी थांबले का दुखायचे? भावजींचा मोतीबिंदू निघाला असेल ना? तुझी तब्येत मात्र विचारत नाही. तू कायम ठणठणीत, आणि त्यावरूनच तर माझा जन्मभर जळफळाट.

आज लिहायला बसले, कारण मला ताप आलाय.

एकाच विहिरीचं पाणी प्यायलो आपण. हिवताप मला, कावीळ मला, कडू काढे मला. तू पेणहून पापडांची पुडकी घेऊन रोह्याला यायचीस आणि माझ्या खाटेवर बसून म्हणायचीस, “लोळतेस काय गो? माझं बघ, धा वर्सांत अंग कढत नाय झालं.” पापड गोड लागायचे, बोलणं नाही.

तुझ्या नातवाच्या लग्नात मी चारचौघींत बोलले, “आक्काला कधी कायच होत नाय गो!” मग बोटं मोडून दृष्ट काढायची असते. मी मुद्दाम मोडली नाहीत. तीन महिन्यांनी तुझ्या पोटात कॅन्सर निघाला.

हे कुणाला सांगितलं नाही. तुला पणतू झाला, मी झबली शिवून धाडली, पण पेणला गेले नाही. माझी नजर त्या बाळाला लागली तर?

परवा डॉक्टरीणबाईंनी सर्दी-तापाची लस टोचली. काल अंग तापलं तर बाई हसल्या. “मावशी, तुमच्या अंगातला राखणदार जागा आहे. वय झालं की तो सुस्तावतो. कित्येकांना आजार असून ताप चढत नाही. आत एखादी पेशी बिघडली तरी त्याच्या ध्यानात येत नाही. म्हातारपणी कॅन्सर जास्त, त्याचं हेही एक कारण.”

मी धीर करून विचारलं, “आणि कुणाची नजर लागून?”

“नजर त्याची कमी पडते, मावशी. तुमची नाही लागत.”

मला भावजी आठवले. भरतीला खाडीकाठच्या खारजमिनीच्या बांधावरून चालत जायचे, खेकड्याचं बीळ दिसलं की चिखलाने बुजवायचे. डोळे गेल्यावर एक बीळ राहून गेलं, बांधाला खांड पडली आणि खारं पाणी भातात शिरलं. तेव्हा आपण म्हणालो होतो का, की शेजारणीची दृष्ट लागली?

तुझं नेमकं कशाने झालं, ते बाईंनाही सांगता येईना. पण तुझ्या ज्या न येणाऱ्या तापावर मी जळत होते, तो तुझा राखणदार झोपल्यामुळे येत नसेल, तर मी कशावर जळले गो? आणि तू तरी पोटात दुखतंय हे वर्षभर का लपवलंस? माझ्यासमोर आजारी पडायची लाज वाटली?

आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे काही आहे, जे तुझ्याकडे नव्हतं. तर दाखवायला तूच नाहीस.

ताप उतरला की पेणला जाईन. पणतूला डोळे भरून बघेन, आणि बोटं मोडेन, दहाच्या दहा. तुझं वय गाठायला मला दोन वर्षं उरलीत. तेही ओलांडून दाखवीन.

उत्तर लवकर धाड. मी तिकडे यायची घाई करणार नाही.

तुझीच तापट
धाकटी