ड्रॅगन कोण चालवतं

९ मार्च
ड्रॅगनच्या खवल्यांना रोगणाचा शेवटचा हात दिला. उंबराचं लाकूड यंदा छान हलकं मिळालंय, पाण्यावर नीट तरंगेल. परवा ताऱ्यांपलीकडचे पाहुणे मेळ्याला येणार. आम्ही त्यांना पाणबाहुल्यांचा खेळ दाखवायचा, त्यांनी आम्हाला त्यांची कला द्यायची. तांबड्या नदीच्या अख्ख्या खोऱ्यातून आमचंच मंडळ निवडलंय. छाती फुगलीये, लपवू कशाला!

१० मार्च
मंडळातले लाम काका दम देऊन गेले. "तुझ्या बापाचे हात थरथरतात म्हणून तीन वर्षं तुला पडद्यामागे खपवून घेतलं. पण गावाला कळलं तर त्याचं प्रमुखपद गेलंच समज. लेकींना बाहुली चालवायची काठी शिकवायची नाही, ही मंडळाची शपथ आहे." लेक सासरी जाईल आणि विद्याही घेऊन जाईल, ही भीती. मी चव्वेचाळीस वर्षांची. कुठे गेलेच नाही!
बाबा मान खाली घालून चहा पीत राहिले.

११ मार्च
खेळ झाला. सगळं लिहूनच ठेवते.
पाणी गारठलेलं. नेहमीसारखा माशाच्या खारट रसाचा घोट घेतला, अंगात ऊब आली, आणि छातीभर पाण्यात पडद्यामागे उभी राहिले. पाहुण्यांना डोळे नसतात हे कुणी सांगितलंच नव्हतं. ते काठावर बसले आणि पाय तळ्यात सोडले. थरथरीवरूनच त्यांना सगळं कळतं म्हणे. म्हणजे पडदा असून नसल्यासारखाच.
ड्रॅगन काय चालला आज! वळताना शेपटीला जो हेलकावा दिला तो माझा स्वतःचा आहे, बाबांनी शिकवलेला नाही.
शेवटी पुरुष नमस्कार करायला बाहेर गेले, बाबाही. मी आतच. एका पाहुण्यानं बाबांचे हात हातात घेतले आणि तो थांबला. दुभाषी हुएन अडखळली — "ते म्हणतात, ड्रॅगन या हातांनी चालवला नाही. आपली भेट ते खेळ करणाऱ्याच्याच हातात देतात. नाहीतर परत नेतात."
लाम काका उगाच खोकले. मग बाबांचा आवाज — "थोआ, बाहेर ये. माझी लेक आहे ही. मीच शिकवलंय तिला."
गेले. निथळत, दात वाजवत, अख्ख्या गावासमोर. पाहुण्यानं माझ्या तळव्यावर बोटं टेकवली आणि त्यांचं गाणं हाडापर्यंत गेलं. मी रडले. स्वतःचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

१२ मार्च
बाबांचं प्रमुखपद गेलं. आता लाम काका. माझ्याकडे न बघता म्हणाले, "शेपटीचा तो हेलकावा… उद्या सगळ्यांना दाखव."
बाबा घरी येऊन दोन वाट्या भात जास्त जेवले.

१३ मार्च
पाहुणे निघाले. जाताना पुन्हा बाबांचे हात धरले. मी हुएनला म्हटलं, या थरथरीवर त्यांच्याकडे काही औषध आहे का विचार. तिनं विचारलं, आणि माझ्याकडे बघतच राहिली.
"ते म्हणतात, हे हात थरथरत नाहीत. हा माणूस ते मुद्दाम हलवतो."
तीन वर्षं.