साहेबांची बदली

४ नोव्हेंबर, सोमवार

नणंदबाईंनी पुन्हा कुत्रं पाठवलं. माझ्या बाथरूममध्ये! त्यांच्याकडे दोन बाथरूम आहेत, पण तिथे नवीन फरशी बसवली आहे म्हणे. आमची फरशी जुनी, म्हणून कुत्री आमच्याकडे.

हे हॉस्पिटलच्या गेटपाशी बसलेलं होतं. नणंदबाईंचा नियम असा — गळ्यात पट्टा नाही आणि दोन दिवस एकाच जागी बसलंय, म्हणजे कुणीतरी सोडून दिलंय. नियम त्यांनीच केला, त्याच सगळ्यांना ऐकवतात आणि पुसापुशी मी करते. बेवारस कुत्र्यांना घरं शोधणाऱ्या त्यांच्या ग्रुपचं नाव 'सुखरूप'. बायका दिवसभर त्यावर बदाम पाठवतात. गाडी घेऊन कोण जातंय असं विचारलं की सगळ्यांकडे अचानक पाहुणे येतात. मग जाते कोण? मी. माझ्याकडे पाहुणेसुद्धा येत नाहीत.

उचलताना चावलं नाही. भुंकलंही नाही. फक्त गेटकडे मान वळवून बघत राहिलं, पार वळणापर्यंत. रंग दूध जास्त झालेल्या चहाचा, एक कान उभा, एक पडलेला. आता बाथरूमच्या मधोमध बसलंय, भेटायला आलेल्यांना ताटकळत ठेवणाऱ्या अधिकाऱ्यासारखं. म्हणून नाव ठेवलं साहेब.

सासूबाई म्हणाल्या, "मी आंघोळ कुठे करायची?"

म्हटलं, साहेबांना विचारा.

५ नोव्हेंबर, मंगळवार

साहेब जेवत नाहीत. बिस्किट नको, अंडं नको, नवऱ्याच्या ताटातली कोंबडी नको. (नवऱ्याला हवी होती. कुणी विचारलं नाही.) दाराकडे तोंड करून बसून आहेत. नवरा सकाळपासून शिंकतोय. साहेब प्रत्येक शिंकेला एक डोळा उघडतात.

६ नोव्हेंबर, बुधवार

साहेबांचं ऑपरेशन उरकलं. म्हणजे यापुढे साहेबांना पोरंबाळं नाहीत. ग्रुपचा तोही नियम — नवीन घर शोधायच्या आधी हे उरकायचं. टाके दहा दिवसांनी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवायचे आहेत.

ते गुंगीत असताना मी तोंड उघडून दात पाहिले. आता दिवसभर लॅबमध्ये लोकांचे खोटे दात करत बसणारी बाई दुसरं काय बघणार? स्वच्छ निघाले. किटण नावाला नाही. रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याचे दात असे नसतात. कुणीतरी नीट खायला घालत होतं. नणंदबाईंना सांगितलं तर म्हणतात, "अगं वहिनी, सोडून दिलेल्यांना आधी मालक असतोच ना. त्याशिवाय सोडणार कोण?" बाई वकील व्हायची राहिली.

९ नोव्हेंबर, शनिवार

घर मिळालं! तेही कुठे, तर दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे. माझ्या लॅबमध्ये येणारं निम्मं काम त्यांचं — कवळ्या, कॅपा, ब्रिज. आल्या होत्या भांडायला. एक कॅप उंच झाली म्हणे, पेशंटचं तोंड मिटत नाही. मी सांगणार होते की त्या पेशंटचं तोंड आधीही मिटत नव्हतं. पण तेवढ्यात त्यांना माझ्या फोनवरचा साहेबांचा फोटो दिसला आणि कॅप राहिली बाजूला.

तडक घरी आल्या. चांगल्या इस्त्रीच्या कपड्यांत आमच्या बाथरूमच्या ओल्या फरशीवर फतकल मारून बसल्या. एकट्या राहतात, बोलायला कुणी नाही, तर साहेबांशी बोलत राहिल्या. कशाबद्दल, तर अक्कलदाढेबद्दल. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि पाच दिवसांत पहिल्यांदा अख्खं अंडं खाल्लं. बाई रडल्या. मी नळ गळतोय का ते बघायचं नाटक केलं.

गेले साहेब. बाथरूम मोकळं झालं. सासूबाई आत गेल्या आणि लगेच बाहेर येऊन म्हणाल्या, "चुकल्याचुकल्यासारखं होतंय गं."

११ नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टरीणबाईंनी फोटो पाठवलाय. साहेब पिवळ्या रेनकोटमध्ये. बाहेर ढग नाही, थेंब नाही. नवीन नाव ठेवलंय बटर. साहेबांच्या चेहऱ्यावर नोकरीत बराच अपमान गिळलेल्या माणसाचा भाव आहे, पण अंग धरलंय थोडं. बरं दिसतंय.

१३ नोव्हेंबर, बुधवार

लिहूनच टाकते.

दुपारी लॅबमध्ये हॉस्पिटलच्या मावशी आल्या, वॉर्डात झाडूपोछा करणाऱ्या. हातरुमालात कवळी बांधलेली, मधोमध दुभंगलेली. डॉक्टरकडे गेलं की नवीनच घ्या म्हणतात, म्हणून या बाया गुपचूप माझ्याकडे येतात. मी जोडून देते. त्या बसल्या तोंडावर हात धरून, मी घेतलं काम हातात. समोर भिंतीवर साहेबांचा फोटो चिकटवलेला — रेनकोटवाला.

मावशी म्हणाल्या, "हा आमच्या खिडकीवाल्या आजोबांचा कुत्रा. हा कुठं सापडला तुम्हाला?"

माझ्या हातातलं यंत्र तसंच फिरत राहिलं.

"आजोबांना गाडीतनं आणलं ना, तर हा मागनं पळत आला. वॉचमननं चारदा हाकलला. जातोय कशाला. एकटेच आहेत हो आजोबा. बायको नाही, मूल नाही, हा एवढाच. रोज खिडकीशी उभे राहून गेटकडं बघायचे. हातात सलाईन, पायात जोर नाही, तरी उभे. सिस्टर ओरडायच्या."

"आणि आता?"

"आता कुठं उठतात? कुत्रा दिसेनासा झाला तसं खिडकीकडं जाणंच सोडलं. भिंतीकडं तोंड करून पडलेले असतात."

घरी कधी सोडणार विचारलं. नक्की माहीत नाही म्हणाल्या, पण सोमवारी तो बेड रिकामा होणार असं सिस्टरच्या तोंडून ऐकलंय.

मी कवळी जोडली. उलटी जोडली. पुन्हा तोडून जोडली.

म्हणजे हे कुत्रं हरवलं नव्हतं. सोडून दिलेलंही नव्हतं. आपला माणूस वर आहे म्हणून खाली बसलं होतं. आम्ही त्याला तिथून सुखरूप हलवलं, त्याचं ऑपरेशन केलं आणि पिवळा रेनकोट घातला. सोमवारी ते आजोबा गेटमधून बाहेर येणार आणि तिथे कुणीच नसणार.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

नणंदबाईंना फोन केला. म्हणाल्या, "पट्टा नव्हता ना? मग झालं. नियमात बसत होतं." मी फोन ठेवला. नाहीतर पंधरा वर्षांचं सगळं बाहेर पडलं असतं.

सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आधी त्या माणसाला जाऊन विचार तरी."

"काय विचारू? आजोबा, मी तुमचं कुत्रं पळवलं, आता पुढे काय करू?"

"हो. असंच विचार."

सोपं आहे बोलणं. आजारी माणूस, त्यात एकटा. त्याला रिकाम्या हातांनी जाऊन सांगायचं की तुमचं कुत्रं आता दुसऱ्याच्या गादीवर झोपतं? माझ्याच्याने नाही होणार. आधी साहेब त्यांच्यासमोर उभे करायचे, मग काय शिव्या घालायच्या त्या घालू देत. सोमवारपर्यंत साहेब पुन्हा आमच्या बाथरूममध्ये, मग दोघं मिळून घरी. नवऱ्याला सांगितलं. तो आधीच शिंकला.

राहिल्या डॉक्टरीणबाई. खरं सांगितलं तर त्या रडतील, मग देणार नाहीत, मग काम काढून घेतील. खोटं सांगितलं तर काम नंतर काढून घेतील. नंतर म्हणजे तेवढेच चार दिवस बरे.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

थाप मारली. टाके दाखवायचे आहेत, ग्रुपचाच माणूस लागतो, शनिवारी मी घेऊन जाते, संध्याकाळी आणून सोडते. बाईंनी एका शब्दाने विचारलं नाही. उलट आभार मानले! "तुम्ही किती करता हो त्याच्यासाठी." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एक पिशवीही भरून देणार आहेत. त्यात उकडलेली अंडी, पाण्याची बाटली, त्याचं पांघरूण आणि सूचना — टाळ्या वाजवायच्या नाहीत, तो घाबरतो. उजव्या कानामागे खाजवलेलं आवडतं, डाव्या नाही. सहा दिवसांत एवढं कळलं त्यांना. मला नवऱ्याचं अजून कळलेलं नाही.

मावशी आजोबांना ऊन खायला म्हणून चाकाच्या खुर्चीतून मागच्या दाराशी आणणार आहेत. काय दाखवणार ते त्यांना आधी सांगायचं नाही असं ठरलंय. कवळी जोडल्याचे पैसे मी घेतले नाहीत, म्हणून मावशी काहीही करायला तयार आहेत.

उद्या पकडले गेले तर बाईंचं काम गेलंच. पण खरं सांगू, आतून आनंदही होतोय. त्या म्हाताऱ्याचं तोंड बघायचंय मला.

१६ नोव्हेंबर, शनिवार

जाऊन आले. आज लिहिणार नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

काल साहेबांनी लांबूनच ओळखलं. माझ्या हातातून दोरी हिसकली, पुढचे दोन्ही पाय आजोबांच्या मांडीवर टाकले आणि रडल्यासारखा आवाज काढायला लागले. आजोबांनी दोन्ही हात वर उचलून धरले. त्याला लावले नाहीत. मला म्हणाले, "हा माझा नाही. घेऊन जा."

मला कळेना. मावशी म्हणाल्या, "अहो आजोबा, तुमचाच तर आहे."

मग ते हळू आवाजात म्हणाले, "मला घरी नाही सोडत आहेत, बाई. जिथं नेतायत तिथून कुणी परत येत नाही. घरून निघतानाच याचा पट्टा मीच काढून घेतला. पट्टा असला की लोक मालक शोधत बसतात, नसला की उचलतात. उचलला का, एवढंच बघायला उभा राहायचो खिडकीत. त्या सोमवारी तुमची गाडी वळताना पाहिली आणि पोटभर जेवलो." मग साहेबांकडे न बघताच म्हणाले, "एकदा जमलं होतं मला. आता पुन्हा कसं जमवू?"

म्हटलं, चांगल्या घरी आहे. बाई जीव लावतात. रेनकोट घेतलाय त्याला.

"पावसात भिजलेलं चालत नाही त्याला," ते म्हणाले. मग हात खाली आला आणि उजव्या कानामागे गेला, आणि बराच वेळ तिथेच राहिला.

साहेब निघेनात. ओढून न्यावं लागलं. सासूबाईंचं ऐकून आधी विचारलं असतं तर हे दोघांना दुसऱ्यांदा भोगावं लागलं नसतं. माझी मला लाज वाटते.

संध्याकाळी सात वाजता डॉक्टरीणबाईंनी दार उघडलं. दारातच खाली बसल्या, त्याला जवळ घेतलं. विचारलं, "काय म्हणाले?"

म्हटलं, टाके सुकलेत. आता पुन्हा न्यायची गरज नाही.