पूजाला मी तो सिनेमा दाखवला

प्रिय ललितदादा,

परवा फोनवर तू इतका ओरडलास की मला बोलायला जागाच उरली नाही. मग तूच रडायला लागलास आणि फोन ठेवून दिलास. म्हणून आज लिहायला बसले. लिहिताना तरी तू मला मध्येच थांबवू शकणार नाहीस.

तुझं म्हणणं, मरायला टेकलेल्या माणसाचा सिनेमा अकरा वर्षांच्या पोरीला आणि सत्तरीच्या आईला दाखवायची मला काय अवदसा आठवली? कुटुंबाने बघायचा सिनेमा आहे का तो? आहे, दादा. तू सायखेड्याला दुकानात बसून मोबाइलवर त्याचा एक तुकडा पाहिलास, मी अख्खा पाहिला. एका बँडमास्तरला डॉक्टर चार महिन्यांची मुदत देतात, आणि तो आपल्याच अंत्ययात्रेसाठी बँडची तालीम घ्यायला लागतो. क्लॅरिनेटवाल्याला दर वेळी रडू येतं, सूर चुकतो, आणि मास्तर खेकसतो, "अरे, माझ्यासमोर तरी नीट वाजव, नंतर मी सांगायला येणार नाही!" आई इतकी हसली की तिला ठसका लागला. शिव्या आहेत चार-पाच. त्या पूजाने द्राक्षांच्या हंगामात तुझ्याच तोंडून ऐकल्या आहेत.

गेले सात महिने आपण सगळ्यांनी मिळून घरात जे चालवलं होतं, ते मात्र कुटुंबाने बघण्यासारखं नव्हतं. आईला सांगितलं, रक्त कमी आहे. पूजाला सांगितलं, अल्सर आहे. मी केमो घेऊन यायचे आणि बँकेचं ट्रेनिंग होतं म्हणायचे. सुयश बाल्कनीचं दार लावून तुझ्याशी फोनवर बोलायचा. नवरा माझा, भाऊ माझा, आजार माझा, आणि मी बाल्कनीचं दार उघडलं की सुयश भाजीचे भाव विचारायला लागायचा!

मध्यंतरात पूजा पॉपकॉर्न तसाच धरून बसली होती. म्हणाली, "आई, त्याच्या मुलीला सगळ्यांत शेवटी का सांगितलं?"

मी म्हटलं, लहान आहे म्हणून.

"पण ती पण त्याच घरात राहते ना?"

याचं उत्तर, दादा, तुझ्याकडे आहे?

इंदिरानगरला परत येताना रिक्षात तिने सरळ विचारलं. मीही सरळ सांगितलं. कॅन्सर आहे, स्वादुपिंडाचा आहे, बरा होणार नाही. रिक्षावाल्याने गाणी बंद केली. आणि ज्या आईला धक्का बसेल म्हणून तू सगळ्यांच्या तोंडाला कुलूप लावलं होतंस, तिने माझा हात मांडीवर ओढून घेतला. म्हणाली, "पहिल्या महिन्यापासून माहीत आहे मला. तुझा कंगवा मीच धुते ना? तुम्हाला बरं वाटावं म्हणून फसल्यासारखी राहिले."

पुढे सगळं गोडीगुलाबीने झालं असं नाही. पूजा दोन दिवस धुमसत होती. ताट ढकललं, दप्तर फेकलं, मला खोटारडी म्हणाली. ते खरंच होतं. सुयशही चिडला होता. तिसऱ्या दिवशी ती आपणहून शेजारी येऊन बसली आणि विचारत सुटली. दुखतं का, किती दिवस, बाबा रडतात का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सुयशने दिलं. शब्दांत नाही. तिच्यासमोर तो पहिल्यांदाच रडला. त्यानंतर मला जी झोप लागली, तशी कित्येक महिन्यांत लागली नव्हती.

आता हे पत्र लिहिण्याचं खरं कारण सांगते. सोमवारी डॉक्टर म्हणाले, केमो आणखी देता येईल, पण उपयोग थोडा आणि त्रास फार. मी घरी येऊन तिघांना समोर बसवलं, बोलले, आणि दुसऱ्या दिवशी नको म्हणून कळवलं. उपचार बंद केलेत, दादा. हे फोनवर तू मला पूर्ण सांगू दिलं नसतंस. रविवारी तू मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांची वेळ ठरवून येणार आहेस, असं सुयश म्हणाला. ती रद्द कर. तू ये, वहिनीला घेऊन ये, दोन दिवस राहा. रडू आलं तर पूजासमोर रड, ती पाणी आणून देते. फक्त दारात उभा राहून "आज जरा बरी दिसतेस" असं म्हणू नकोस. या घरात आता तसं कुणी बोलत नाही.

तुझीच,
तृप्ती